भायखळ्याच्या खिडकीत तेलाचा थेंब

बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरहून निघताना घोंगडी बरोबर घ्या. साल १८९६, महिना डिसेंबर, आणि सबंध रात्र तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर काढायची आहे. मोबाइल घरीच ठेवा. पॉवरलूमचा खडखडाटही इथंच सोडा. तो यायला अजून अवकाश आहे. आत्ता बुऱ्हाणपुरात शिरलात की कानावर येतो तो हातमागाचा ठेका, आणि एखाद्या ओसरीवर मान खाली घालून सोन्यारुप्याची तार ओढत बसलेला कारागीर दिसतो. जरा थांबा त्याच्यापाशी. तार इतकी बारीक की तिरीप पडली तरच दिसावी. डोळे ताणून काही उपयोग नाही, उजेड जिथून येतो तिकडे तार धरायची, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मुंबईत तुम्हाला नेमकं हेच कामाला येणार आहे.

बुऱ्हाणपूरच्या लालबागेत स्टेशन आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी धूर ओकत येते आणि तुम्ही दचकता, कारण डबा जवळजवळ मोकळा आहे. मुंबईला जाणारी गाडी आणि बसायला हवी तेवढी जागा! कोपऱ्यात एक म्हातारा मुटकुळं करून झोपलाय, वर तेलाचा दिवा धुरकट जळतोय. भुसावळला समोरच्या फलाटावर मुंबईकडून आलेली गाडी लागते आणि सगळा उलगडा होतो. तिच्या दारांत माणसं, खिडक्यांत माणसं, फलाटावर उतरलेल्या माणसांच्या डोक्यांवर ट्रंका, पेट्या, पितळी हंडे, पोपटाचा पिंजरासुद्धा. पोरं रडताहेत. बायका पदरानं नाक झाकून पाण्याच्या नळापाशी रेटारेटी करताहेत.

"कुठं निघाले, भाऊ?" एक जण तुम्हाला विचारतो.

"मुंबईला."

त्यानं पुढं केलेली चिलीम तशीच मागं घेतली. "गाठीचा ताप आहे तिकडं. काखेत गाठ, जांघेत गाठ, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस नाही. परत फिरा."

तुम्ही फिरत नाही. मनमाड गेलं, नाशिक गेलं, इगतपुरीला थंडीनं दात वाजले आणि चहा काही मिळाला नाही. स्टेशनावर चहाचा सुकाळ व्हायलाही अजून वेळ आहे. घाटातल्या बोगद्यांत कोळशाचा धूर सरळ तोंडात येतो. डोळ्यात कण जातो, तुम्ही चोळता, तो आणखी आत जातो. चोळू नका हो. ते डोळे उद्या लागणार आहेत. कल्याणला फटफटतं आणि हवा बदलते: जड, खारट, कपाळाला चिकटणारी. घोंगडी आता काखोटीला मारा.

भायखळ्याला उतरा.

पहिला येतो तो वास. कार्बोलिकचा, जळत्या गंधकाचा, ओल्या चुन्याचा, आणि त्यांच्या खालून उंदीर कुजल्याचा. गटारं धुऊन काढताहेत, भिंतींना चुना मारताहेत, कुठं कुठं चाळीच्या चाळी कुलपं घालून गप्प आहेत. गिरण्यांचे भोंगे वाजतात खरे, पण फाटकाकडे जाणारी रीघ विरळ आहे. घोड्यांची ट्राम अर्धी रिकामीच धावतेय. बंदराजवळच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींमध्ये, सप्टेंबरात हा रोग प्रथम ओळखला तो अकासियो व्हिएगस या गोव्याकडच्या डॉक्टरनं. रोगी तपासता तपासता त्यानं 'प्लेग' हे नाव उघड घेतलं. तेव्हापासून शहर निम्मं पाय लावून पळत सुटलंय आणि निम्मं दारं लावून बसलंय.

तुम्हाला जायचं आहे ग्रँट मेडिकल कॉलेजात, पेटिट लॅबोरेटरीमध्ये. दारात शिपाई अडवतो. रत्नागिरीकडचा असावा.

"चपला भायेर. हात धुवा आधी. त्या घमेल्यात. नाय, पाण्यानं नाय, त्या दुसऱ्या घमेल्यात."

दुसऱ्या घमेल्यात कार्बोलिक आहे. रात्री गाडीच्या दाराला खरचटलेलं बोट असं काही झोंबतं की तुम्ही जागच्या जागी उडता. आता आत या.

एक खोली आणि एक बोळ, एवढाच हा सगळा कारभार. याच जागेत ओदेसाहून पॅरिसला, पॅरिसहून हिंदुस्थानात आलेला छत्तीस वर्षांचा वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरपासून रात्रंदिवस काम करतोय. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. त्याला प्लेगवर लस करायची आहे. तुम्ही त्याच्याकडे बघत बसाल, पण तो तुमच्याकडे बघणार नाही. बोळातून येतो, बाटल्यांच्या रांगेपाशी वाकतो, जातो. तुमचं काम उत्तरेच्या खिडकीशी आहे. तिथं स्टुलावर पितळेचा मायक्रोस्कोप ठेवलाय आणि शेजारी कॉलेजातला एक विद्यार्थी उभा आहे, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, डोळे जागरणानं तांबारलेले.

"उत्तरेचीच खिडकी का?" तुम्ही विचारता.

"सूर्य सरळ आत येत नाही म्हणून. पांढऱ्या ढगाचा उजेड सगळ्यात चांगला. बसा."

तो पातळ काचेचा एक चौकोनी कपटा चिमट्यात धरतो. रोग्याच्या गाठीतून सुईनं काढलेल्या पाण्याचा पातळ थर त्यावर वाळवलेला आहे. कपटा तो स्पिरिटच्या ज्योतीतून तीनदा नेतो, सावकाश नाही आणि झटकन नाही, भाकरी परतणाऱ्या हाताच्या बेतानं. मग मेथिलीन ब्लूचे थेंब, थोडं थांबणं, पाण्याची धार, पुन्हा वाळवणं, आणि कॅनडा बाल्समच्या ठिपक्यावर तो कपटा पालथा घालून स्लाइडवर चिकटवणं. त्याचे शब्द मोजकेच आहेत. हात मात्र सारखे पाण्याकडे जातात. नखांच्या कडा निळ्या पडल्यात, कितीही धुतल्या तरी जाणार नाहीत.

"बघा," तो म्हणतो. आधी लहान भिंग. निळ्या आभाळात निळी गर्दी. जागा शोधून मधोमध आणा. आता मोठं कोरडं भिंग. पेशी दिसल्या, त्यांच्या पोटातली गडद निळी केंद्रकं दिसली. आणि मधल्या मोकळ्या जागेत काही ठिपके. धूळ असेल. रंगाचा गाळ असेल. रोगही असेल. तुम्ही बारीक स्क्रू पुढं फिरवता, मागं फिरवता. ठिपके फुगतात, आकसतात, पण ठिपकेच राहतात.

"आणखी मोठं करा ना," तुम्ही म्हणता.

असं सगळेच म्हणतात, आणि इथंच फसतात. नेत्रिका बदलून प्रतिमा दुप्पट मोठी करता येते, त्यात फार काही अवघड नाही. फक्त तेव्हा तुम्हाला दुप्पट मोठा धूसर ठिपका दिसतो. कमी पडतोय तो प्रकाश, आणि तोही कोणता, तर वस्तूतून जाताना वाकून तिरका झालेला. बारीक तपशिलाची खबर त्या तिरक्या किरणांतच असते. वस्तू जितकी बारीक, तितके तिच्यावरून निघणारे किरण बाजूला फाकतात. भिंगानं ते पकडले तर दोन टोकं दोन दिसतात. सुटले तर दोन्हींची मिळून एक डागळ होते.

आणि ते सुटतात कुठं? काच आणि भिंग यांच्यामधल्या हवेच्या फटीत. तापीत तिरकी धरलेली काठी पाण्याच्या पातळीवर मोडल्यासारखी दिसते, ती तुम्ही लहानपणी घाटावर पाहिली आहे. किरण एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना वळतो, त्याचा हा खेळ. काचेतून हवेत येताना तो बाहेरच्या बाजूला वळतो, आणि साधारण ४१ अंशांपेक्षा जास्त तिरका असेल तर हवेत येतच नाही. काचेच्या पृष्ठावरून उलटा आत फिरतो. भिंग कितीही सुबक घासलेलं असो, त्याच्यापर्यंत जे पोचलंच नाही ते दाखवणार कुठून?

विद्यार्थी आता एक छोटी बाटली उघडतो. बुचाला काचेची कांडी जोडलेली आहे. "आधी हे बघा," म्हणून तो बाटली उजेडात धरतो आणि कांडी आत सोडतो. तेलाबाहेरची कांडी स्वच्छ दिसते. तेलातली नाहीशी झालीय. तुम्ही मान वाकडी करून बघता, बाटली फिरवून बघता. कड नाही, चकाकी नाही. तो कांडी वर घेतो, तर आहे की अख्खी.

"तेलात आणि काचेत प्रकाशाला फरकच कळत नाही," तो म्हणतो. "दोघांचा वक्रीभवनांक १.५२ च्या आसपास. हद्द नाही, म्हणून वळण नाही."

वास घ्या त्या बाटलीचा. शिसपेन्सिल नुकतीच टोकल्याचा वास. तोच आहे, या काळात पेन्सिली ज्या अमेरिकी लाल सीडरच्या लाकडाच्या करतात, त्याच लाकडाचं हे तेल, हवेत ठेवून घट्ट केलेलं. कार्बोलिक, गंधक आणि मरणाच्या वासात हा एवढाच एक वास शाळेच्या बाकाचा. मला या सगळ्या खोलीत ती बाटली सर्वांत जवळची वाटते.

पाण्याचा थेंब भिंगाखाली घालायची युक्ती इटलीच्या आमिचीनं आधीच करून पाहिली होती. पण पाणी काचेहून बरंच विरळ, निम्मंच काम होतं. १८७८ साली जेनाच्या झाइस कारखान्यासाठी अर्न्स्ट आबेनं, लंडनच्या स्टीफन्सनची सूचना उचलून, तेलासाठीच बेतलेलं भिंग तयार केलं. चारच वर्षांत रॉबर्ट कॉखनं तसल्या भिंगाखाली क्षयाचा जंतू जगाला दाखवला. तेव्हा तुमच्या पुढ्यातली ही पितळी नळी म्हणजे जुनी चीज नव्हे. १८९६ मध्ये ही नवी नवलाई आहे, महागडी आहे, आणि ती फोडलीत तर दुसरी आगबोटीनं यावी लागेल.

म्हणून हात आवरा. आता तो सांगतो तसं करा.

नळी वर घ्या. 'एक बारांश इंच' म्हणतात ते भिंग फिरवून जागेवर आणा. त्याचं तोंड इतकं लहान की दृष्टीला मुद्दाम शोधावं लागतं. कांडीनं कव्हरस्लिपवर, म्हणजे त्या चौकोनी कपट्यावर, एक थेंब सोडा, एकच. बुडबुडा आला तर पुसून नव्यानं सोडा, कारण बुडबुडा म्हणजे पुन्हा हवाच. आता डोळा नेत्रिकेला लावू नका. गाल टेबलाला टेकवून बाजूनं बघा आणि मोठा स्क्रू सावकाश फिरवून भिंग खाली आणा. खाली. आणखी. भिंग थेंबाला शिवलं, त्या क्षणी थेंब वर चढून त्याला बिलगतो आणि मधोमध लख्ख उजेड चमकतो. दिसला? तिथंच थांबा! भिंग आणि काच यांच्यात मिलिमीटरचा छोटासा अंश उरलाय, आणि कव्हरस्लिप स्वतः ०.१७ मिलिमीटर जाडीची. आणखी अर्धा वेढा फिरवलात तर 'कट्‌' असा आवाज येईल आणि एका माणसाच्या गाठीतून, त्याच्या वेदनेतून मिळवलेला तो थर चुरा होईल.

आता वर बसा. डोळा लावा. दुसरा डोळा मिटू नका. मिटलात तर पाच मिनिटांत कपाळ ठणकायला लागेल. उघडा ठेवा आणि त्यानं जे दिसतं त्याकडे दुर्लक्ष करा. दोन दिवसांत जमतं. खालचं कंडेन्सर वर घ्या, आरसा सपाट बाजूचा करा, खिडकीतला ढग पकडा. आणि बारीक स्क्रू, एका बोटानं, जेमतेम.

निळं धुकं. धुकं. धुकं.

आणि एकदम कडा येतात.

पेशी आता दृष्टीत मावत नाहीत इतक्या मोठ्या आहेत, पण नवल ते नाही. नवल ठिपक्यांचं आहे. ते ठिपके नव्हतेच. आखूड, बुटक्या कांड्या आहेत, टोकं गोलसर, आणि रंग दोन टोकांना दाट धरलाय, मध्ये फिका. बंद सेफ्टी पिनेसारखा आकार. एक, शेजारी दुसरी, पलीकडे ढीगच. लांबी साधारण दोन मायक्रॉन. तांबडी पेशी जवळ असेल तर तिच्या व्यासात अशा तीन-चार सहज मावतील. हवेतल्या भिंगाला साधारण ०.३ मायक्रॉनपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत. तेलातलं भिंग ०.२ पर्यंत उतरतं. आकडा वाचायला किरकोळ. पण दाट टोकं आणि फिकं पोट यांतला फरक त्या एवढ्याशा फरकातच अडकलेला होता.

तुम्ही श्वास रोखलाय. सोडा तो, पण बाजूला, नाहीतर काच धुरकटेल. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये येर्सिन आणि कितासातो यांनी हा जंतू पाहिला. मांडवीत माणसं त्याच्यानं मरताहेत, भुसावळच्या फलाटावर पोपटाचा पिंजरा घेऊन उभा असलेला माणूस त्याच्यापासून पळतोय, आणि त्यानं हा कधी पाहिलेला नाही. गल्लीत कुणी म्हणतं देवीचा कोप, कुणी म्हणतं विहिरीत काहीतरी कालवलंय. तुम्ही पाहताय. मला वाटतं, या आजारात पहिला दिलासा औषधाचा नव्हता. शत्रूला कडा आहेत, हे दिसण्याचा होता.

दुपार चढली. डिसेंबर असला तरी खोलीत स्पिरिटच्या ज्योती आहेत, उबवण्याचं कपाट आहे, माणसं आहेत. मानेवर घाम येतो, तो नेत्रिकेवर उतरतो, पापण्या काचेला घासतात. ढग गेला की उजेड बदलतो आणि आरसा पुन्हा लावावा लागतो. पाठ धरते. पंखा नको, धूळ उडेल. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस हिवतापाचा जंतू शोधत, डासांचं पोट चिरत असाच बसेल; चिरलेले डास उडून जातील म्हणून पंखा बंद, कपाळाच्या आणि हातांच्या घामानं मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजलेले, उरलेली एकुलती नेत्रिका तडकलेली. हे त्यानंच लिहून ठेवलंय. सूक्ष्मदर्शकाच्या गोष्टी आपण डोळ्यांच्या म्हणून सांगतो; आपल्या हवेत त्या मानेच्या आणि पाठीच्याही आहेत.

संध्याकाळ झाली की रॉकेलचा दिवा येतो, निळी काच आड धरलेला, म्हणजे पिवळेपणा मरतो. त्याआधी भिंग पुसायला शिका, कारण इथं शिव्या बसतात त्या यावरूनच. सीडरचं तेल रात्रभर राहिलं तर पिवळं पडून वार्निशासारखं कडक होतं. मऊ जुनं कापड घ्या, तेल टिपा, घासू नका; मग कापडाच्या टोकाला झायलॉल लावून एकदा, आणि कोरड्या टोकानं पुन्हा एकदा. स्पिरिट अजिबात नको, ते आतली भिंगं चिकटवलेला डिंक विरघळवतं. आणि तेल लागलेल्या स्लाइडवर कोरडं मोठं भिंग फिरवून आणू नका. ते तेलात बुडालं की दिवस वाया. सव्वाशे वर्षांनंतर तुमच्या बुऱ्हाणपुरातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिवतापाची स्लाइड बघणारी मुलगी 'हंड्रेड एक्स'वर कृत्रिम तेल घालते. ते वाळत नाही, पिवळं पडत नाही. बाकी सगळं जसंच्या तसं. थेंब, चमक, श्वास रोखणं, पुसणं.

आता बोळात या, हळू. टेबलाला धक्का लावू नका. हाफकिनच्या बाटल्या इथं आहेत. आत बोकडाच्या मांसाचा रस आहे. गाय नको आणि डुक्कर नको, कारण लस हिंदूलाही टोचायची आहे आणि मुसलमानालाही. रसावर तुपाचे थेंब तरंगताहेत. हो, तूपच. प्लेगचे जंतू त्या तुपाखाली चिकटतात आणि तिथून खाली बारीक, पांढरट लोंबत्या तारा वाढवतात. बाटली जरा हलली की तारा तुटून तळाशी जातात, आणि वर नव्या लोंबू लागतात. शिपाई बाटल्यांच्या बाजूनं पाय न वाजवता का चालतो, ते आता कळलं ना? त्याला कुणी हुकूम दिलेला नाही. त्यानं तारा तुटताना पाहिल्यात.

काही आठवड्यांनी हा रस सुमारे ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे, कार्बोलिक घालायचं, आणि हीच लस. १० जानेवारीला हाफकिन ती आधी स्वतःला टोचून घेईल, पुढं ठरलेल्या नेहमीच्या मात्रेपेक्षा बरीच जास्त, आणि ताप अंगावर काढेल. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात कैदी स्वेच्छेनं दंड पुढं करतील. १८९९ मध्ये हे सगळं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये जाईल, आणि १९२५ पासून त्या जागेला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतील. पण त्या सगळ्याआधी एक रोजचं, कंटाळवाणं काम आहे, आणि ते तुमच्यावर आलंय: प्रत्येक बाटलीतला थेंब रंगवून तेलाच्या भिंगाखाली बघायचा, आत फक्त प्लेगच आहे ना याची खात्री करायची. हवेतून दुसरा जंतू पडला असेल तर ती बाटली बाद. लोकांच्या दंडात जाणार आहे ते.

विद्यार्थी दिव्याच्या उजेडात काच पुढं करतो. थेंब. गाल टेबलाला. चमक. डोळा. बुटक्या कांड्या, दाट टोकं, फिकी पोटं, नेहमीचेच. काच सरकवा. नेहमीचेच. सरकवा.

इथं मात्र काही गोल दाणे आहेत. एकापुढं एक ओळीनं जुळलेले, टोकं नाहीत, फिकं पोट नाही.

तुम्ही सांगता. सांगताना आवाज जरा लटपटतो, कारण कालपर्यंत तुम्ही जंतू कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता आणि ही बाटली कित्येक दिवस जपलेली आहे. विद्यार्थी तुमच्या जागी बसतो, स्क्रूला बोट लावतो, बराच वेळ बघतो. मग उठून बाटलीच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं फुली मारतो. शिपाई ती बाटली उकळायला घेऊन जातो, आणि जाता जाता तुमच्याकडे वळून म्हणतो, "बरं झालं बगितलंत. भिंग पुसा, म्होरली काच रंगवून तयार हाय."